तळहाताएवढं काळं

१

गंजलेल्या बिडाच्या तव्याचं काय करावं, यावर किहीमात मला चार दिवसांत सात सल्ले मिळाले आणि सातही चुकीचे होते. एकाने तर तवा समुद्रावर नेऊन ओल्या वाळूने घासायला सांगितलं. खाऱ्या हवेने गंजलेली वस्तू खाऱ्या पाण्यात घालायची. हा गृहस्थ गावात शहाणा समजला जातो.

मी सत्तावीस वर्षं मुंबईच्या वर्तमानपत्रांत बातमीदारी केली. मिठागरांचे ठेकेदार, बोटवाले, गिरणीमालक, सगळ्यांशी भांडलो. एका ओतकामाच्या कारखान्यात माणसं भाजली, तेव्हा आठवडाभर भट्टीशेजारी उभा राहून बीड कसं ओततात, कसं निवतं, कशाने तडकतं, ते शिकून घेतलं होतं. तिथल्या मिस्त्रीने सांगितलं होतं की जुनं बीड पुन्हा वापरात आणायचं तर पार धातूपर्यंत उघडं करा, मग तेल पाजा. अर्धवट घासलेलं बीड आतून खात जातं. त्यामुळे सल्ल्यांची मला गरज नव्हती.

तवा माझ्या बायकोचा, राहीचा. लग्नात तिच्या आईने रुखवतात दिलेला. तिच्या आईच्या हातचा काळेपणा तेव्हाच त्यावर होता. नवाकोरा तवा देणं त्यांच्याकडे कमीपणाचं मानत. त्यावर राहीने छत्तीस वर्षं घावनं काढली आणि १९३० च्या श्रावणात ती गेली. मी मुंबईत होतो. तार मिळाली तेव्हा वादळ होतं, धरमतरची बोट तीन दिवस सुटली नाही. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. तिचा चेहरा मला पाहायला मिळाला नाही.

दुसऱ्यांच्या दुःखावर मी रकानेच्या रकाने लिहिले आहेत. आपल्याबद्दल हे एकच वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली. तो चेहरा एकदा दिसावा, एवढंच मला हवं होतं. पुढचं सगळं त्यातून घडलं.

तव्याला मात्र मी हात लावला तो घावन खावंसं वाटलं म्हणून. नोकरी सोडून किहीमला कायमचा राहायला आलो, भात-आमटी स्वतः करायला शिकलो, आणि एके सकाळी चुलीमागच्या खिळ्यावर तो तांबडा झालेला तवा दिसला.

शेजारची सोनाबाई वईवरून, दोन परसांमधल्या कुंपणावरून, बघत होती. ही विधवा बाई, माझ्याहून वयाने थोडी लहान, मासळी विकते आणि मत फुकट देते.

"भाऊ, विटकर कशाला घेतलाव? नारळाचं सोडण घ्या, चिंच घ्या. वरचा गंज काडा नि थांबा. मदी तळहाताएवडं काळं ऱ्हाऊ द्या."

"का?"

"का म्हंजे? नवं तेल कशाला धरंल मग? समद्या बाया तशाच करतात. तव्याचं मूळ ठेवतात. तुमच्या तव्याचं मूळ तर वैनींच्या आयशीच्या चुलीवरचं."

"सोनाबाई, ते लोखंड आहे. त्याला मूळ नसतं."

"तसं पेपरात लिवा," ती म्हणाली. "तवा काय पेपर वाचीत न्हाय."

२

सोमवारी सकाळी मी परसात भाताच्या तुसाचा ढीग पेटवून तवा त्यात पुरला. तूस भडकत नाही, धुमसत राहतं. बिडाला एकदम आच लागली तर ते तडकतं. दुपारी बाराच्या सुमारास तवा हातात धरण्याइतका निवाला. विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावर बसून मी विटकरीने घासायला सुरुवात केली. ऊन पांढरं झालं होतं. माडांच्या सावल्या बुंध्यापाशी गोळा झाल्या होत्या, कावळासुद्धा ओरडत नव्हता.

गंज निघाला, आणि त्याखालच्या काळ्या थराची पहिली खपली सुटली. कांद्याचा आणि ओल्या नारळाचा वास आला. यात नवल नव्हतं. तेल जळून लोखंडावर बसतं तेव्हा वासही त्यात अडकत असणार.

त्याच वेळी स्वयंपाकघरातून तापल्या तव्यावर पीठ पडल्याचा आवाज आला.

घावनाचं पीठ पाण्यासारखं पातळ असतं. वाटीने फिरवून टाकलं की आधी मोठा चर्र होतो, मग जाळी पडताना बारीक फुसफुस चालू राहते, आणि झाकण ठेवलं की ती एकदम बंद होते. तीनही आवाज मी क्रमाने ऐकले. घरात तवा एकच होता आणि तो माझ्या मांडीवर होता.

मी उठून आत गेलो. चूल थंड. राखेवर सकाळी मांजर चालून गेल्याच्या खुणा तशाच होत्या. सोनाबाईकडचा आवाज असेल म्हणून वईपाशी गेलो, तर तिच्या दाराला कडी होती. ती चोंढीच्या बाजाराला गेली होती. वारा, माडाची झावळी, स्वतःचा कान, एकेक कारण मी तपासलं आणि खोडलं. साक्षीदार एकच आणि तोही भुकेला, अशी बातमी मी कधी छापू दिली नसती.

फक्त पाट हलला होता. मी तो भिंतीला टेकवून ठेवतो. तो चुलीपुढे आडवा घातलेला होता.

३

दुसऱ्या दिवशी मला नियम कळला.

धुण्याच्या दगडावरून मागच्या दारातून स्वयंपाकघर तिरपं दिसतं. चूल समोरच्या भिंतीला आहे, म्हणजे चुलीशी बसलेल्या माणसाची इकडे पाठ. मी खाली मान घालून घासत होतो. खोकला ऐकू आला, शेवटच्या वर्षातला, आवंढ्यासारखा गिळलेला. वर पाहिलं तर पाटावर ती बसली होती. पिकलेला अंबाडा, डाव्या खांद्यावर ठिगळ लावलेली चोळी. उजवं कोपर पुढेमागे होत होतं. ती काही ढवळत होती.

"राही," मी म्हणालो. माझा हात थांबला. पाटावर कोणी नव्हतं.

मी पुन्हा घासायला लागलो. ती पुन्हा होती.

मी हे सहा वेळा करून पाहिलं. घड्याळ लावून पाहिलं. हात चालू असेतो ती असे, थांबला की नसे. उठून जावं तर घासणं थांबतं. एकदा मी तवा घासत घासत चालत गेलो, पण उंबऱ्याशी ठेच लागून विटकर निसटली आणि माझ्यासमोर रिकामा पाट उरला. म्हणजे बघायचं ते दगडावरूनच, आणि दिसणार ती पाठच.

दुपारी दोनपर्यंत मी घासत राहिलो. आणखी एक थर गेला. या वेळी तळलेल्या बांगड्याचा वास आला. गेली आठ-दहा वर्षं त्या तव्यावर आम्ही मासळी टाकली नव्हती. मी वर पाहिलं. अंबाड्यात पिकलेले केस आता मोजके होते.

एवढं शिकून मला स्वतःची लाज वाटायला हवी होती. भुताखेतांवर मी लेखमाला लिहिली आहे. मांत्रिकांना तुरुंगात घालायला लावलं आहे. पण त्या दुपारी मला भीती वाटली नाही, खरं सांगायचं तर भूकही लागली नाही. थर जितके खाली जातील तितकी ती तरुण होत जाईल, आणि कधीतरी, एखाद्या वर्षी, काहीतरी घ्यायला मागे वळेल, एवढाच हिशेब डोक्यात होता. विटकर झिजली म्हणून मी दुसरी फोडली.

४

गुरुवारी सोनाबाई वाटीभर कोलंबी घेऊन आली. मी सहज म्हणालो, "तुमच्या नीराचा पोर मोठा झाला असेल. राही रात्रभर बसली होती तिच्या बाळंतपणाला."

"वैनी?" सोनाबाई म्हणाली. "न्हाय ओ. सुईण आलती चोंढीवरनं."

"सुईण सकाळी आली. तोवर पोर झालं होतं. राहीनेच नाळ कापली. तुम्ही तिला लुगडं दिलंत."

"मी?" ती हसली. "मीच फाटकं नेसतंय, मी कुणाला लुगडं देतंय."

मी तिच्यावर संतापलो. लोक उपकार विसरतात ते असेच, आणि वर हसतात, असं काहीतरी मी बोललो. ती रागावली नाही, हे जास्त लागलं. माझ्याकडे तापातल्या माणसाकडे बघावं तशी बघत कोलंबी ठेवून ती गेली.

लुगडं हिरवं होतं, राहीच्या पेटीत वर ठेवलेलं. मी पेटी उघडली. वर हिरवं काही नव्हतं. तळापर्यंत नव्हतं.

मग मी मधल्या दाराच्या चौकटीकडे गेलो. का गेलो, ते वहीत लिहिलेलं आहे म्हणून सांगू शकतो. मी रोज संध्याकाळी दिवसाच्या नोंदी करतो, जुनी सवय. बुधवारच्या नोंदीत माझ्या अक्षरात असं आहे: "आज घासताना गुळाच्या घावनाचा वास. आत लहान पोरीचं हसणं आणि पैंजण. ठमी. राहीने तिला मांडीवर घेतलं, पाठ तशीच. ठमी सहा वर्षांची होऊन तापाने गेली. चौकटीवर तिच्या उंचीच्या खुणा आहेत, उद्या बघणे."

चौकट गुळगुळीत होती. लाकडावर चाकूची एक रेघ नव्हती.

ती नोंद मी चार वेळा वाचली. अक्षर माझं होतं. ठमी कोण, ते मला त्या नोंदीपलीकडे काही आठवेना. दुसऱ्याच्या मुलीच्या मृत्यूची बातमी वाचावी, तसं मी ते वाचत होतो.

५

दोन दिवस मी तव्याला हात लावला नाही.

तो ओट्यावर पडून होता. कडेने करडं बीड उघडं पडलेलं, मध्ये वीतभर काळं. तेवढं ठेवून तेल पाजलं असतं तर तवा झाला असता. खोबरेल आणून ठेवलं होतं, नारळाची शेंडी ठेवली होती, अर्धा कांदा कापून ठेवला होता. कुणीही शहाणा माणूस तिथे थांबला असता.

मी का थांबलो नाही, याचं एक उत्तर मी तेव्हा स्वतःला दिलं आणि ते असं: थांबलो तर याचा अर्थ मी हे खरं मानलं. बीड घासल्याने शेजारणीची आठवण पुसते, चौकटीवरच्या खुणा जातात, हे सुशिक्षित माणसाने मान्य करायचं का? खुणा आधीच घासल्या गेल्या असतील. लुगडं राहीने कुणाला देऊन टाकलं असेल. मला हवापालट हवी आहे, औषध हवं आहे. तव्याचा आणि या सगळ्याचा संबंध नाही, आणि संबंध नसेल तर तवा घासायला हरकत नाही. किती सुरेख युक्तिवाद. असा युक्तिवाद समोरच्या वकिलाने केला असता तर मी त्याची सालं काढली असती.

खरं कारण वेगळं होतं. दुपार झाली की घर फार शांत व्हायचं. दगडावर बसल्याशिवाय, हात चालवल्याशिवाय, आत कोणी नसायचं. त्या दोन दिवसांत मी दोनदा चुलीपुढे पाट मांडला आणि समोर उभा राहिलो.

रविवारी बाराला मी विटकर उचलली.

६

त्या दिवशी थर भराभर निघाले. धूर, करपलेलं पीठ, मेथी, पुन्हा धूर. आत ती वीस वर्षांची असेल, मग सतरा. केस काळे, पाठ ताठ, हात चपळ. ती गुणगुणत होती. ती गुणगुणत असे हे मला ठाऊक नव्हतं. मी घरी असलो की ती गप्प असायची. माझ्या लिहिण्यात व्यत्यय नको म्हणून. मीच तसं बजावलं असेल.

वळली नाही. एकदाही नाही.

मग मध्ये तळहाताएवढं काळं उरलं. मी हात हलता ठेवला, पण विटकर बाजूच्या उघड्या बिडावर फिरवत राहिलो, त्या काळ्याला न लागता. पाटावर आता एक लहान मुलगी होती. लग्नातलं पिवळं लुगडं तिला फार मोठं होतं. पदर जमिनीवर लोळत होता. मनगटांत हिरवा चुडा, मानेवर हळद. अकरा वर्षांची. मी तेव्हा अठराचा, कॉलेजात, माझ्या आईने सगळं ठरवलेलं. तीन वर्षांपूर्वी लग्नाच्या वयाचा कायदा यावा म्हणून मी अग्रलेखांमागून अग्रलेख लिहिले. त्यातल्या एकाही ओळीत मी ही पाठ पाहिली नव्हती.

मुलगी रडत होती. आवाज न करता, खांदे हलवून.

"राही," मी म्हणालो.

तिने ऐकलं नाही. मी मोठ्याने हाक मारली. तरी नाही. मग माझ्या लक्षात आलं की राही हे नाव आमच्या घराने दिलेलं. ताटात तांदूळ पसरले होते आणि मी अंगठीने ते नाव लिहिलं होतं, कारण आईने ते सांगितलं होतं. ते नाव अजून तिला चिकटलं नव्हतं. त्याआधी तिला काय म्हणत, हे मी छत्तीस वर्षांत विचारलं नाही. हजारो अनोळखी माणसांना मी पहिला प्रश्न तोच विचारला आहे.

"पोरी," मी म्हणालो, "तुझं नाव काय?"

ती वळली.

चेहऱ्याबद्दल मी लिहिणार नाही. मला हवा होता तो हा नव्हता आणि हाच होता. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिला दिसला परक्या घराच्या परसात बसलेला, हात काळे झालेला एक म्हातारा. ती भ्याली. उठून भिंतीला लागली. मी आयुष्यात पुष्कळ माणसांना भेवडावलं आहे, अभिमानाने भेवडावलं आहे. असं कुणी माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

तरी तिने नाव सांगितलं. ते मी इथे छापणार नाही.

"मला घरी जायचाय," ती म्हणाली. "पोयनाडला. आये वाट बघंल."

"हेच तुझं घर," असं माझ्या तोंडाशी आलं होतं. तेवढं काळं राखलं असतं तर ते खरंही होतं. तेल पाजायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं घासायचं, पुन्हा तेल पाजायचं. रोज दुपारी ती भिंतीला लागून उभी राहिली असती, हळद लावलेली, भ्यालेली, आणि मी रोज तिचा चेहरा पाहिला असता. हा विचार मी केला. पूर्ण केला, हात हलता ठेवून. किती वेळ, ते सांगता येत नाही. सावली दगडावरून सरकून माझ्या पायापर्यंत आली होती.

मग मी विटकर त्या काळ्यावर टेकवली.

ते चिवट होतं. तिच्या आईचं होतं, आणि कदाचित तिच्याही आईचं. नखं तुटली, बोटांतून रक्त आलं. वास कसलाच आला नाही, फक्त भाताच्या पेजेचा, अगदी फिकट. शेवटचा ठिपका गेला आणि तव्याच्या मध्यभागी खरखरीत करडं बीड चमकलं. माझे हात थांबले.

ती गेली नाही. ती तिथेच होती, हात थांबले तरी. तिने पदर कमरेला खोचला, उंबरा ओलांडून उन्हात आली. परसाच्या आगडातून, बांबूच्या फाटकातून, बाहेर जायची वाट माझ्याजवळून जाते. मी दगडावरून उठलो आणि मागे सरकलो, पार विहिरीच्या काठापर्यंत, हात पाठीमागे घेऊन. ती माझ्याकडे बघत बघत, भिंतीच्या कडेने, बाजूबाजूने गेली. आगड तिने स्वतः काढलं. वाटेला लागल्यावर पळायला लागली. चुड्याचा आवाज बराच वेळ येत होता, माडांमधून, शेतांच्या दिशेने.

७

संध्याकाळी मी तव्याला तेल लावलं. तापवलं, शेंडीने पुसलं, पुन्हा लावलं. तेल ओघळून कडेला जमलं. कुठेच धरलं नाही.

हे सगळं मी वहीवरून लिहितो आहे आणि घाईने लिहितो आहे. राहीची पेटी होती तिथे आता भिंत आहे, तिला कोनाडा आहे, कोनाड्यात माझी पुस्तकं आहेत. पुस्तकांवर पुष्कळ दिवसांची धूळ आहे. पोयनाडला जाऊन चौकशी करणं सोपं होतं. बातमीदाराने तेच केलं असतं. मी एकदा धोतर बदलून बाहेरच्या दारापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो. तिथे कुणी एखादी म्हातारी असेल, नातवंडांची, आपल्याच नावाची. किंवा नसेल. मी जाऊन दारात उभा राहावं असं दोन्हींपैकी कशातच काही नव्हतं.

सोनाबाई वईपाशी आली. तिने तव्याकडे पाहिलं, माझ्या बोटांच्या चिंध्यांकडे पाहिलं.

"पार पांढरा केलाव की. आता कसा व्हायचा तो?" ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. घावनं मी देत जाईन दोन. घरात बाईमाणूस न्हाय तं तवा कशाला घेतलाव म्हंते मी. तुमचं काय, पयल्यापासून एकट्याची सवय."

मी तिचं म्हणणं खोडलं नाही.